जागतिक बँक, एडीबी, एआयआयबी: भारताच्या हिश्श्याचा नेमका अर्थ काय?

प्रश्न असा आहे: "जागतिक बँक, आशियाई विकास बँक, एआयआयबी, ब्रिक्स बँक या सगळ्यांत भारत सरकारचे शेअर आहेत म्हणे. मग मालक असून आपण त्यांच्याकडूनच कर्ज का काढतो? या शेअरवर लाभांश मिळतो का? आणि अजय बंगा अध्यक्ष झाल्यापासून तिथे भारताचं वजन वाढलं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. बंगांचा जन्म खडकीचा, याचा पुणेकरांना आनंद वाटणं स्वाभाविक आहे. पण २०२३ साली त्यांचं नाव सुचवलं ते अमेरिकेने, आणि तेही अमेरिकी नागरिक म्हणून. जागतिक बँकेच्या अध्यक्षपदी आजवर अमेरिकेच्याच पसंतीची माणसं बसली आहेत. आशियाई विकास बँकेची, म्हणजे एडीबीची खुर्ची १९६६ पासून जपानकडे आहे. अध्यक्ष कोणत्या गावचा यावरून भागधारकाचं वजन ठरत नाही. ते ठरतं हातातल्या शेअरवर, आणि माझ्या मते त्याहून जास्त, त्या शेअरमागचं मत किती तयारीने वापरलं जातं यावर. परकीय साहाय्याच्या प्रकल्पांची वित्तीय बाजू मी बरीच वर्षं सांभाळली, आधी राज्याच्या बाजूने आणि नंतर दिल्लीतून. त्या काळात माझं हे मत पक्कं होत गेलं.

आधी आकडे. जागतिक बँकेची मुख्य कर्ज देणारी शाखा म्हणजे आयबीआरडी. तिच्यात भारताचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेची मतं १५ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान. एडीबीत जपान आणि अमेरिका प्रत्येकी साधारण १५.६ टक्के, चीन ६.४ आणि भारत ६.३ टक्के, म्हणजे आपण चौथे. एआयआयबी ही बीजिंगची आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक. तिच्यात चीनखालोखाल आपणच आहोत, मतं साडेसात टक्क्यांच्या घरात. ब्रिक्स देशांची न्यू डेव्हलपमेंट बँक, म्हणजे एनडीबी, शांघायला आहे. तिथे पाचही संस्थापकांचा वाटा समान. आफ्रिकी विकास बँकेत आपण १९८३ पासून आहोत आणि युरोपच्या पुनर्रचना बँकेत २०१८ साली ६९वा भागधारक म्हणून गेलो. या दोन्हींतला हिस्सा नाममात्र आहे. तो घेतला आपल्या कंपन्यांना तिथल्या देशांत कामं मिळावीत आणि संबंध टिकावेत म्हणून. तेव्हा त्यांचा विषय इथेच सोडतो.

आता खरी मेख. या टक्केवाऱ्या वाचून लोकांना वाटतं, एवढा पैसा आपण तिकडे नेऊन ओतलाय. तसं नाही. या बँकांच्या भांडवलाचे दोन भाग असतात. एक प्रत्यक्ष भरलेलं भांडवल, पेड-इन. दुसरं कॉलेबल, म्हणजे बँक खरोखर अडचणीत आली आणि तिला आपल्या रोखेधारकांचे पैसे फेडता येईनात, तरच भागधारक देशांकडून मागायचं. १९४४ साली ब्रेटन वूड्सला आयबीआरडीची घटना लिहिली गेली तेव्हाच हे ठरलं: वर्गणीचे २ टक्के सोन्यात किंवा अमेरिकी डॉलरमध्ये, १८ टक्के सदस्याच्या स्वतःच्या चलनात आणि उरलेले ८० टक्के फक्त वचन. पुढच्या बहुतेक भांडवलवाढींत भरायचा भाग त्याहून कमी ठेवला गेला. आज आयबीआरडीचं वर्गणी भांडवल ३०० अब्ज डॉलरच्या पुढे आहे आणि त्यातला प्रत्यक्ष भरलेला भाग ७ टक्क्यांच्या आसपास. एडीबीत तो साधारण ५ टक्के. आयबीआरडीच्या इतिहासात कॉलेबल भांडवल मागण्याची वेळ एकदाही आलेली नाही.

ढोबळ हिशेब करून बघा. ३०० अब्जांचे ३ टक्के म्हणजे ९ अब्ज डॉलरची वर्गणी. त्यातले खिशातून गेलेले साधारण ६० ते ६५ कोटी डॉलर, आणि तेही १९४५ पासून आजपर्यंत थोडेथोडे करून. इतक्या पैशावर भारताने जागतिक बँकेकडून उचललेली कर्जं त्याच्या कैक पट आहेत.

हे जमतं कसं? बँक रोखे विकून जागतिक बाजारातून पैसा उभा करते. तिच्यामागे बड्या देशांचं वचन आहे, तिची कर्जं सहसा कुणी बुडवत नाही आणि अडचणीतला देशही तिची परतफेड आधी करतो. म्हणून तिला ट्रिपल-ए, म्हणजे सर्वोच्च पतमानांकन मिळतं आणि पैसा स्वस्तात उभा राहतो. त्यावर थोडा फरक लावून ती तो आपल्याला देते. भारताचं स्वतःचं मानांकन ट्रिपल-बीच्या पट्ट्यात आहे. म्हणजे सरकारने थेट परदेशात डॉलर रोखे काढले तर जो दर पडेल त्याहून हा दर कमी असतो आणि परतफेडीची मुदत लांब असते. मालक असून कर्ज का काढतो, याचं उत्तर यातच आहे. आपल्याकडच्या पतपेढीत सभासद शेअर कर्ज मिळण्यासाठीच घेतो, तसंच हे. फरक एवढाच, की पतपेढीत सभासदाला एकच मत असतं आणि इथे मत शेअरप्रमाणे.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती सहसा कुठे लिहिली जात नाही. भारताच्या कॉलेबल भांडवलाला मानांकन संस्था फारशी किंमत देत नाहीत. बँक ज्या दर्जाची आहे, त्या दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या देशांचंच वचन त्या मोजतात. म्हणजे आयबीआरडीच्या ट्रिपल-एला हातभार लावतात जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे देश, आपण नाही. वाटाघाटींत श्रीमंत देशांचे प्रतिनिधी जेव्हा म्हणतात की "हे मानांकन आमच्यामुळे आहे", तेव्हा ते खोटं बोलत नसतात. मात्र तेवढंच अर्धसत्य आहे. त्या बँकेचा रोजचा खर्च आणि राखीव निधी वाढतो तो कर्जदारांनी भरलेल्या व्याजातून, आणि गेली कित्येक दशकं नियमित व्याज भरणाऱ्या मोठ्या कर्जदारांत भारत आहे. आपल्या बाजूने हा मुद्दा प्रत्येक बैठकीत ठणकावून मांडायला हवा. तो दर वेळी मांडला जात नाही.

आता पैसे भरतात कसे ते जवळून बघू. एआयआयबीचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. जून २०१५ मध्ये बीजिंगला करारावर सह्या झाल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये बँक सुरू झाली. भारताच्या वाट्याला ८३,६७३ शेअर आले, प्रत्येकी १ लाख डॉलरचे. म्हणजे एकूण ८ अब्ज ३६ कोटी ७३ लाख डॉलर. त्यातले २० टक्के भरायचे, म्हणजे सुमारे १६७ कोटी डॉलर, तेही पाच हप्त्यांत. प्रत्येक हप्ता साधारण साडेतेहतीस कोटी डॉलरचा. एनडीबीचं असंच, फक्त हप्ते सात: संस्थापक देशाने १० अब्ज डॉलरची वर्गणी घ्यायची, २ अब्ज भरायचे. पहिला हप्ता १५ कोटी, दुसरा २५ कोटी, मग ३० कोटींचे तीन आणि ३५ कोटींचे दोन. असे हप्ते केंद्राच्या अर्थसंकल्पात आर्थिक कामकाज विभागाच्या मागणीत भांडवली खर्चाच्या बाजूला दिसतात. मुख्य शीर्ष ५४६६, आंतरराष्ट्रीय वित्तीय संस्थांतील गुंतवणूक. ज्याला खातरजमा करायची असेल त्याने कोणत्याही वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या कागदांत हे शीर्ष शोधावं. कॉलेबल भाग मात्र तुटीच्या आकड्यात कुठेच येत नाही. तो फक्त संभाव्य दायित्व.

जुन्या बँकांतल्या वर्गणीची तऱ्हा याहून वेगळी. तिथे स्वतःच्या चलनात भरायचा भाग रोख न देता सरकार रुपयातले बिनव्याजी रोखे लिहून देतं. ते रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेले असतात आणि बँकेने मागणी केली की वटवायचे. अर्थसंकल्पाच्या जमा बाजूच्या कागदांत, सरकारच्या दायित्वांच्या तक्त्यात, आंतरराष्ट्रीय वित्तीय संस्थांना दिलेल्या रोख्यांची वेगळी ओळ असते, ती हीच. या व्यवस्थेला एक काटा आहे. तो म्हणजे 'मूल्य राखण्याची' अट. रुपया घसरला तर बँकेकडे असलेल्या त्या रुपयांचं डॉलरमधलं मोल कमी होतं आणि सदस्याने फरक भरून द्यायचा असतो. १९६६ च्या अवमूल्यनात डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. अशा घसरणीचा भार नुसता आयातीवर पडत नाही, तो इथेही पडतो. नव्या बँकांचा भरणा डॉलरमध्ये होत असल्याने ही भानगड तिथे उरलेली नाही, पण हप्त्याच्या दिवशीचा विनिमय दर तिजोरीला सोसावाच लागतो.

लाभांशाचा प्रश्न. आयबीआरडी आणि एडीबी भागधारकांना लाभांश वाटत नाहीत. आयबीआरडीच्या शिलकीचा काही भाग राखीव निधीत जातो, काही आयडीएकडे. आयडीए म्हणजे गरीब देशांना नाममात्र व्याजाने किंवा अनुदान म्हणून पैसे देणारी भगिनी संस्था, १९६० साली स्थापन झालेली. तेव्हा शेअर बाजारातल्या गुंतवणुकीच्या नजरेने या हिश्श्याकडे बघितलं तर तो तोट्याचा सौदा वाटेल. हे शेअर विकताही येत नाहीत, बाहेर पडायचं तर बँकेलाच परत करायचे. त्यांचं मोल दोन गोष्टींत आहे: कर्जाची क्षमता आणि निर्णयातलं मत.

मताबद्दल सांगताना थोडं मागे जावं लागेल. १९४४ च्या जुलैत न्यू हॅम्पशायरला झालेल्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारताचं शिष्टमंडळ होतं. नेतृत्व व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीतले अर्थ सदस्य जेरेमी रेझमन यांचं. सोबत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आर. के. षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ. देश अजून पारतंत्र्यात होता, आणि तरीही नियोजित बँकेच्या ९१० कोटी डॉलरच्या वर्गणीत भारताच्या नावे ४० कोटी डॉलर आले, म्हणजे ४.४ टक्के. सोव्हिएत संघाने सदस्यत्व घेतलं नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत जाऊन बसला. पहिल्या पाचांना आपला कार्यकारी संचालक थेट नेमण्याचा अधिकार होता, बाकीच्यांनी गट करून निवडून द्यायचा. हा अधिकार १९७० च्या आसपासपर्यंत आपल्याकडे होता. रायगडातल्या नाते या गावी जन्मलेले देशमुख त्या शिष्टमंडळात होते याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाच. पण त्यांच्या पिढीने मिळवलेला वाटा पुढे कसा आटत गेला, हेही त्याच अभिमानाने विचारायला हवं.

तो आटला कारण हे शेअर हवे तेव्हा घेता येत नाहीत. बँक भांडवल वाढवते तेव्हाच दार उघडतं, आणि तेव्हा प्रत्येकाला किती मिळतील ते वाटाघाटीत ठरतं. जपान, जर्मनी, नंतर चीन यांच्या अर्थव्यवस्था वाढल्या आणि त्यांनी आपापली जागा मागून घेतली. भारताचा मताधिकार २०१० च्या फेररचनेपूर्वी २.७७ टक्क्यांवर आला होता, त्या फेरीत तो २.९१ झाला. २०१८ साली जागतिक बँक गटात १३ अब्ज डॉलरची भरणा भांडवलवाढ ठरली, त्यातले साडेसात अब्ज आयबीआरडीत आणि साडेपाच अब्ज खासगी क्षेत्राला कर्ज देणाऱ्या आयएफसीत. त्यानंतर आपण तीनच्या आसपास स्थिरावलो. म्हणजे ऐंशी वर्षांत ४.४ वरून ३. अर्थव्यवस्थेचा आकार बघता हा वाटा कमी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा वाटा ठरवण्याचं एक सूत्र आहे. त्यात अर्थव्यवस्थेच्या आकाराला ८० टक्के वजन आणि आयडीएला दिलेल्या देणग्यांना २० टक्के. आकारात बाजारभावाने ६० आणि क्रयशक्तीने ४० असं मिश्रण. आपली अडचण दुसऱ्या भागात आहे. भारत कित्येक दशकं आयडीएचा सर्वांत मोठा लाभार्थी होता आणि २०१४ साली त्या यादीतून बाहेर पडला. देणग्यांच्या खात्यावर आपली नोंद म्हणूनच तोकडी आहे. ज्यांना वाटतं की आयडीएला पैसे देणं म्हणजे आपल्या गरिबांच्या तोंडचा घास बाहेर देणं, त्यांनी हे सूत्र एकदा नीट बघावं. तिथे दिलेला डॉलर पुढच्या फेरीत आपल्या मतांत मोजला जातो.

बरं, ३ टक्के मतांनी होतं काय? रोजच्या कामात कार्यकारी मंडळावर मतदान क्वचित होतं. बहुतेक प्रस्ताव हरकत नाही म्हणून पुढे जातात. जागतिक बँकेच्या मंडळावर २५ संचालक आहेत. भारताच्या संचालकाच्या गटात बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकाही येतात आणि गटाची मतं त्याला एकगठ्ठा द्यावी लागतात, फोडता येत नाहीत. एडीबीत १२ संचालक असतात, तिथल्या आपल्या गटात बांगलादेश, भूतान, लाओस आणि ताजिकिस्तान. मतांची बेरीज खरोखर लागते ती तंटा झाल्यावर.

असे तीन प्रसंग सांगतो. १९९२ चा ऑक्टोबर. सरदार सरोवराच्या कर्जावर बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आला होता आणि तो बँकेला झोंबणारा होता. पुनर्वसनाची आकडेवारी कच्ची, पर्यावरणाचे अभ्यास अपुरे. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडणारं पहिलं गाव. तिथली माणसं घर सोडत नव्हती. मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्डिक देश कर्ज थांबवा म्हणाले. तरी बहुमत पुढे जाण्याच्या बाजूने झालं. कर्जदार देशांची मतं एकत्र राहिली म्हणून ते झालं. पण त्या बहुमताला काही महिन्यांचंच आयुष्य होतं, कारण सोबत घातलेल्या अटी पाळणं शक्य दिसेना आणि मार्च १९९३ मध्ये भारतानेच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेने तक्रारींसाठी तपास मंडळ, इन्स्पेक्शन पॅनेल, स्थापन केलं. जगातल्या कोणत्याही प्रकल्पग्रस्ताला आज त्या बँकेच्या दारात दाद मागता येते, यात नर्मदाकाठच्या आदिवासींच्या लढ्याचा मोठा वाटा आहे. ज्यांच्याकडे एकही शेअर नव्हता, त्यांनी बँकेचे नियम बदलले. भागधारक सरकारने ही गोष्ट विसरू नये.

दुसरा प्रसंग मे १९९८ चा. पोखरणच्या चाचण्यांनंतर जागतिक बँकेने भारताच्या सुमारे ८६ कोटी डॉलरच्या कर्जांवरचा विचार लांबणीवर टाकला. अमेरिकेला एकेका कर्जावर नकाराधिकार नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ही चूक फार लोक करतात. तिचा नकाराधिकार घटना बदलण्यापुरता आहे, जिथे ८५ टक्के मतं लागतात. कर्ज साध्या बहुमताने मंजूर होतं. पण जी-८ मधले श्रीमंत देश एकत्र आले की त्यांची बेरीज पुरते. त्या वेळी मूलभूत मानवी गरजांच्या प्रकल्पांना सूट मिळाली, बाकी अडले.

तिसरा २००९ चा, एडीबीतला. भारतासाठीच्या २९० कोटी डॉलरच्या कर्ज आराखड्यात अरुणाचल प्रदेशातल्या पूरनियंत्रण आणि पाणीपुरवठ्यासाठी ६ कोटी डॉलर होते. चीनने तेवढ्यावरून हरकत घेतली. जूनमध्ये मंडळाने आराखडा मंजूर केला, चीन एकटा पडला. त्यासाठी आधी इतर भागधारक देशांशी बोलणं करावं लागलं, ६.३ टक्क्यांच्या भरवशावर बसून भागलं नसतं. माझं म्हणणं नेमकं हेच आहे. टक्के तुम्हाला टेबलाशी खुर्ची देतात. पुढचं काम कागद वाचण्याचं, माणसं जोडण्याचं आणि योग्य वेळी उभं राहण्याचं.

याच कारणासाठी एआयआयबीतल्या आपल्या जागेबद्दल मी सावध आहे. तिथे महत्त्वाच्या निर्णयांना ७५ टक्के मतं लागतात आणि चीनकडे २६ टक्क्यांहून अधिक आहेत. म्हणजे नकाराधिकार बीजिंगकडे. कर्जं मात्र सगळ्यात जास्त भारताला मिळाली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठीच्या एमयूटीपी-३ ला २०१९ साली ५० कोटी डॉलर मंजूर झाले, आणि २०१८ ची वार्षिक सभा मुंबईतच भरली होती. व्यवहार चोख आहे, तक्रार नाही. पण संचालक मंडळ बीजिंगला कायम राहत नाही, त्यामुळे रोजच्या कारभारावर व्यवस्थापनाची पकड जास्त. दुसऱ्या क्रमांकाच्या भागधारकाने हे लक्षात ठेवून आपली माणसं आत पेरली पाहिजेत.

एनडीबीत भारताने समान वाट्याचा आग्रह धरला आणि तो टिकवला. पाच संस्थापक देश, समान वर्गणी, कुणालाच नकाराधिकार नाही. पहिले अध्यक्षही आपले के. व्ही. कामत. याची किंमतही आहे. पाचांपैकी कुणाचंच मानांकन ट्रिपल-ए नाही, त्यामुळे बँकेला पैसा जागतिक बँकेपेक्षा महाग पडतो. आणि २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धानंतर बँकेला स्वतःच्याच एका संस्थापकाचे, रशियाचे, नवे व्यवहार थांबवावे लागले, कारण रोखे घेणाऱ्या बाजाराचा विश्वास जपायचा होता. समान वाटा असला तरी पैसा बाजारातून येतो, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

कर्जक्षमतेबद्दल एक गोष्ट सांगतो, जी मला फार महत्त्वाची वाटते. आयबीआरडी एका देशाला किती कर्ज देऊ शकते याला कमाल मर्यादा आहे. गेल्या दशकाच्या सुरुवातीला भारत त्या मर्यादेजवळ आला. तेव्हा उपाय निघाला तो असा, की भारतानेच बँकेचे ४.३ अब्ज डॉलरचे खास रोखे विकत घेतले, म्हणजे तेवढी जागा वर मिळाली. परकीय चलनाच्या गंगाजळीतला थोडा पैसा तिकडे ठेवायचा आणि तितकंच लांब मुदतीचं विकासकर्ज घ्यायचं. ज्या देशाने १९४९ साली रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरचं पहिलं कर्ज घेतलं होतं, तोच देश इथे बँकेचा सावकार झाला. उलट बाजूही बघा: एडीबीचे संस्थापक सदस्य असूनही आपण पहिली वीस वर्षं तिथून कर्ज घेतलं नाही, सुरुवात १९८६ मध्ये झाली. भागधारक आणि कर्जदार या दोन भूमिका वेगळ्या ठेवता येतात, हे त्यातून दिसतं.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध कुठे येतो? शेअर केंद्राचे, कर्जाचा करारही केंद्र आणि बँक यांच्यात. राज्य फक्त प्रकल्प करारावर सही करतं. पण २००५ पासून सर्वसाधारण राज्यांना हे कर्ज जसंच्या तसं, त्याच व्याजाने आणि त्याच चलनाच्या जोखमीसह दिलं जातं. पूर्वी ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान असं रुपयात मिळायचं, विनिमयाचा फटका केंद्र सोसायचं. आता मुंबई मेट्रोच्या २अ, २ब आणि ७ या मार्गिकांसाठी एडीबीकडून २०१९ मध्ये झालेलं ९२ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज असो, की पोकरासाठी, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, जागतिक बँकेने दिलेले ४२ कोटी डॉलर, रुपया घसरला की भार राज्याच्या तिजोरीवर. वाटाघाटीच्या टेबलाशी राज्याचे अधिकारी बसतात तेव्हा बहुतेक वेळ खरेदीचे नियम आणि पुनर्वसनाच्या अटी यांवर जातो. चलन कोणतं घ्यायचं, व्याजावर बँक लावते तो फरक स्थिर की बदलता, न उचललेल्या रकमेवर बांधिलकी शुल्क चालू होतं तेव्हा उचल किती लवकर होईल, यावर फार कमी बोललं जातं. भूसंपादन रखडलेलं असताना मोठ्या कर्जावर सही करणं म्हणजे न वापरलेल्या पैशाचं भाडं भरणं. पैसे मागण्याचे अर्ज दिल्लीच्या साहाय्य लेखा नियंत्रकांकडून जातात. खर्चाची विवरणपत्रं अडली की तिथे महिनेच्या महिने जातात आणि शुल्काचं मीटर चालूच राहतं.

आता तुमच्यासारख्या नागरिकाने विचारावा असा प्रश्न. अमेरिकेचं अर्थखातं या बँकांत आपल्या प्रतिनिधीने कोणत्या प्रस्तावाला पाठिंबा दिला, कुठे तटस्थ राहिला, कुठे विरोध केला, याची यादी नियमित प्रसिद्ध करतं, कारण तिथल्या काँग्रेसने तसा कायदा केला आहे. आपल्याकडे अशी पद्धत नाही. आपल्या सदस्यत्वाचे कायदे आहेत: १९४५ चा नाणेनिधी आणि बँकेचा, १९६० चा आयडीएचा, १९६६ चा एडीबीचा. त्यांत सदस्यत्व, भरणा, सवलती आणि संरक्षणं आहेत. संसदेला मतांचा हिशेब देण्याची तरतूद नाही. आर्थिक कामकाज विभागाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक बँकेतला हिस्सा, त्या वर्षीचा भरणा आणि एकूण कॉलेबल दायित्व एका तक्त्यात आलं, आणि त्याखाली भारताने ज्या प्रस्तावांवर वेगळी भूमिका घेतली त्यांची यादी आली, तर त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. ही मागणी खासदारांकडून यायला हवी, आणि संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीला ती अनुदान मागण्यांच्या चर्चेतच करता येईल.